दक्षिणेपासून पॉइंटपर्यंत : आपले संशोधन कोण ठरवते?

एप्रिल जवळ आला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच साच्यातली पत्रके येऊन पडू लागतात. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विचार आणि सद्यस्थिती : एकदिवसीय राष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद'. खाली शुल्काचा तक्ता : प्राध्यापकांना इतके, संशोधक विद्यार्थ्यांना इतके. त्याखाली ठळक अक्षरांत, निबंध आयएसएसएन क्रमांक असलेल्या विशेषांकात छापला जाईल. आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत, प्रत्यक्ष हजर राहू न शकणाऱ्यांना प्रमाणपत्र ई-मेलने मिळेल. डिसेंबरात हाच मजकूर 'महापरिनिर्वाण दिनानिमित्त' एवढा बदल होऊन पुन्हा येतो.

अशा एका परिषदेचा जाडजूड विशेषांक मागच्या वर्षी आमच्या अभ्यासवर्गाच्या कपाटात आला. आम्ही तो नेटाने वाचला. 'बाबासाहेबांचे आर्थिक विचार' या किंवा असल्याच शीर्षकाचे निबंध एकामागून एक. बहुतेकांत 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'चे नाव आहे. पण रुपयाचा प्रश्न नेमका काय होता, हे एकानेही सांगितलेले नाही. दोन निबंधांत एक आख्खा परिच्छेद शब्दशः तोच, आणि त्यातली चुकीची सनावळीही तीच. बाबासाहेबांच्या नावाने, बाबासाहेबांच्याच लेकरांनी, पदरचे पैसे भरून छापलेले हे कागद.

त्या अंकात आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलाचाही निबंध होता. हा मुलगा आमच्याकडे आला तेव्हा त्याच्याकडे एक वही होती. त्याच्या तालुक्यातल्या महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्यानंतर कोणाच्या हातात गेल्या, हे तो गावोगाव फिरून लिहून काढत होता. जुने सातबारा, फेरफार, नजराण्याच्या पावत्या, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. सात गावे झाली होती. मग पीएच.डी.ला नोंदणी झाली आणि सहा महिन्यांत वही बंद पडली. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, एका गावाला दोन महिने लागतात. तेवढ्यात तीन पेपर होतात."

ही पोरे आळशी आहेत, कॉपी-पेस्ट करणारी आहेत, असे म्हणून हात झटकणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. या मुलाने सात गावे पायी तुडवली होती. त्याच्या हातून ती वही कोणी सोडवली, हा खरा प्रश्न आहे. छापण्याच्या अटी ज्याच्या हातात असतात, तो नुसते काय छापायचे एवढेच ठरवत नाही. काय विचारायचे, हेही तोच ठरवतो. आणि हे यूजीसीच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. महाराष्ट्राला तर या गोष्टीचा चांगला जुना अनुभव आहे.

सेनापती दाभाड्यांच्या घराण्याने सुरू केलेली आणि पेशव्यांनी वाढवलेली श्रावणातली दक्षिणा आपल्याला माहीत आहे. विद्वान ब्राह्मणांना विद्येबद्दल सरकारी खजिन्यातून पैसा. हा पैसा शेतकऱ्यांच्या साऱ्यातून आलेला होता, हे वेगळे सांगायला नको. इंग्रज आले, पेशवाई बुडाली, पण दक्षिणा बुडाली नाही. एल्फिन्स्टनने ती चालू ठेवली आणि त्याच निधीतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ साली काही सुधारकांनी अर्ज केला की या पैशातला थोडा भाग मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा आणि जात पाहू नये. पुण्याच्या सनातन्यांनी केवढा गहजब केला! त्या वेळी अवघ्या बाविशीतले जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. मराठी पुस्तकांना बक्षीस देणारी सरकारी समिती. आजच्या भाषेत सांगायचे तर आपल्याकडची पहिली 'मान्यताप्राप्त यादी'.

१८५५ साली जोतीरावांनी याच कमिटीकडे 'तृतीय रत्न' हे नाटक पाठवले. एक कुणबी जोडपे, बाई गरोदर, ग्रहदशेची भीती घालून त्यांना नागवणारा जोशी, आणि शेवटी ते नवरा-बायको शाळेत जायचे ठरवतात. कमिटीने नाटक नाकारले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. परीक्षक कोण होते ते पाहा, आणि नाटकात कोणाची परीक्षा घेतली होती ते पाहा. ज्याच्या धंद्यावर लिहिले, तोच गुण द्यायला बसलेला. नाटक छापून आले १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये. मध्ये १२४ वर्षे गेली.

त्याच काळात कमिटीच्या बक्षिसांवर इंग्रजीतून आणि संस्कृतातून केलेली भाषांतरे छापली जात होती. ती वाईट होती असे आमचे म्हणणे नाही. पण कमिटीला काय रुचते हे कळल्यावर लिहिणारे तेच लिहू लागतात, हे तेव्हाही खरे होते. जोतीराव तसे लिहायला शिकले असते, तर त्यांना चार बक्षिसे मिळाली असती आणि आपल्याला 'गुलामगिरी' मिळाली नसती.

आणि अडवणूक फक्त समोरच्या छावणीतूनच होते असेही नाही. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून झाला. सुरुवातीची प्रकरणे 'दीनबंधू'ने छापली आणि मग हात आखडता घेतला. 'दीनबंधू' आपल्याच सत्यशोधकांचे पत्र होते. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण वर सांगितलेल्या त्या परिषदा आणि ते विशेषांक काढणाऱ्यांत आपलीही माणसे आहेत. त्याकडे येऊच.

आता बाबासाहेबांकडे वळू. बाबासाहेबांना पीएच.डी. कोणत्या साली मिळाली, असे आम्ही अभ्यासवर्गात विचारतो तेव्हा निम्मे जण १९१६ म्हणतात, निम्मे १९१७. कोलंबिया विद्यापीठाची पदवी त्यांना रीतसर मिळाली १९२७ साली. प्रबंध तर १९१६ सालीच लिहून झाला होता. मग ही मधली वर्षे कुठे गेली? त्या काळी कोलंबियाचा नियम होता की प्रबंध नुसता लिहून भागत नाही. तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पदवी नाही. श्रीमंताघरच्या विद्यार्थ्याला ही अट म्हणजे छापखान्याचे एक बिल. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या सुभेदार रामजींच्या मुलाला ती काय होती, याचा विचार करा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांचे सामान आणि ग्रंथ घेऊन येणारे जहाज महायुद्धात पाणतीराने बुडाले. बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला घर मिळेना, पारशी खानावळीतून हाकलले. मुंबईत सिडनॅहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले. अखेर १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशन संस्थेने 'द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' हा ग्रंथ काढला. प्रती जमा झाल्या आणि मग पदवी. ज्या वर्षी ती हाती आली, त्या वर्षी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर होते.

'आधी छापा, मग पदवी' ही अट म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी असे सोसलेले आहे. म्हणूनच आजच्या संशोधकाने त्यांच्याकडे फक्त आर्थिक विचारांसाठी पाहू नये. संशोधक म्हणून ते कसे वागले, हेही पाहावे.

बाबासाहेबांनी नियतकालिकांत लिहिलेच नाही, असे नाही. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये वाचलेला 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध १९१७ साली 'इंडियन अँटिक्वरी'त आला. १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या जर्नलमध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवरचा निबंध आला. तुकडे लहान आहेत हा रोग नसून शेतीवर पोट भरणाऱ्यांची गर्दी हा रोग आहे, आणि औषध उद्योगधंदे वाढवण्यात आहे, अशी मांडणी २७ वर्षांच्या माणसाने त्यात केली. असे निबंध त्यांचे मोजकेच. पण प्रत्येकात एक प्रश्न आहे आणि त्या प्रश्नाला हात घालण्याचे धाडस आहे. आजच्या मोजपट्टीवर ते भरले असते का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

लंडनचा किस्सा तर परीक्षकांच्या दबावाचाच आहे. डी.एस्सी.साठी १९२२ साली दिलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या चलननीतीने हिंदुस्थानचे काय केले, हे त्यात फारच उघडपणे मांडले होते. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली पदवी मिळाली आणि ग्रंथही निघाला. त्याला प्रस्तावना आहे त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची, आणि कॅनन त्या प्रस्तावनेतच आपला मतभेद सांगतात. हा खरा विद्वत्तेचा व्यवहार. मतभेद असूनही छापायला मदत करणारा परीक्षक आणि भाषा सुधारूनही मुद्दा न सोडणारा विद्यार्थी.

मुद्द्यावरच घाला आला तेव्हा मात्र त्यांनी तडजोड केली नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला भाषणातला वेदशास्त्रांवरचा भाग खटकला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषदच रद्द झाली. मग त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, १,५०० प्रती. आजच्या नियमांप्रमाणे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणजे काय? स्वप्रकाशित पुस्तिका, परीक्षक नाहीत, आयएसबीएन नाही. गुण शून्य.

आणखी एक आठवण, कारण ती आम्हाला फार लागते. सप्टेंबर १९५६. शरीर थकलेले, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून तयार. छपाईचा खर्च सुमारे २० हजार रुपये. बाबासाहेब पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहितात की बुद्ध जयंतीच्या निमित्ताने सरकारने ५०० प्रती विकत घ्याव्यात. उत्तर येते की त्यासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे. ग्रंथ निघाला १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला छपाईच्या पैशासाठी अर्ज करावा लागत होता, हे विसरून 'क्वालिटी पब्लिकेशन'वर भाषणे ठोकणाऱ्यांनी जरा थांबावे.

आता आजची व्यवस्था कशी बनली, ते थोडक्यात. लंडनच्या रॉयल सोसायटीचे 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ साली निघाले तेव्हा हेतू साधा होता : एकाला कळलेले दुसऱ्याला कळावे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारांनी विज्ञानात पैसा ओतला आणि त्यात व्यापाऱ्यांना धंदा दिसला. रॉबर्ट मॅक्सवेलने १९५१ साली परगॅमॉन प्रेस हाती घेतली, शेकडो जर्नल्स काढली आणि १९९१ साली ती ४४ कोटी पौंडांना एल्सव्हिअरला विकली. धंद्याची गंमत अशी की माल लिहिणारा फुकट लिहितो, तपासणारा फुकट तपासतो, आणि त्याच दोघांचे विद्यापीठ तो माल पुन्हा विकत घेते. तिकडे अमेरिकेत युजीन गारफिल्डने १९५५ साली कोणी कोणाचा हवाला दिला याची सूची करायची कल्पना मांडली. ग्रंथालयांच्या सोयीसाठी निघालेल्या या सूचीतून इम्पॅक्ट फॅक्टर आला आणि तो पुढे माणसांनाच लावला जाऊ लागला. नोबेल मिळालेल्या पीटर हिग्जने २०१३ साली सांगितले होते की आजच्या काळात आपल्याला कोणत्याच विद्यापीठाने नोकरी दिली नसती. आपण पुरेसे 'उत्पादक' ठरलो नसतो.

हे वारे आपल्याकडे आले २००९-१० च्या सुमारास. २००९ च्या यूजीसी नियमावलीने प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध छापण्याची अट घातली. २०१० साली एपीआय नावाची गुणपद्धत आली. त्यातला भाव असा : परीक्षित नियतकालिकातल्या निबंधाला १५ गुण, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला ५०, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला २५, स्थानिक प्रकाशकाच्या पुस्तकाला १५. हे आकडे पुन्हा वाचा. तुम्ही पाच वर्षे घालवून तुमच्या जिल्ह्यातल्या भूमिहीन सत्याग्रहाचा इतिहास मराठीत लिहिला, तो नागपूर-औरंगाबादच्या आपल्या एखाद्या प्रकाशकाने काढला, तर किंमत १५. सहा पानी एका निबंधाइतकीच. मग पाच वर्षे कोण घालवणार? जो वेडा आहे तो, किंवा ज्याला नोकरीची गरज नाही तो.

मागणी तयार झाली की दुकाने निघतात. पैसे भरा, पंधरा दिवसांत छापून मिळेल, अशी जर्नल्स पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. २०१५ साली शेन आणि ब्योर्क या दोन अभ्यासकांनी जगभरच्या अशा जर्नल्सचा अंदाज काढला : २०१० साली त्यांत वर्षाला ५३ हजार निबंध येत होते, २०१४ साली ४ लाख २० हजार. लिहिणाऱ्यांत तीन चतुर्थांश आशिया-आफ्रिकेतले. यूजीसीने २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची ३८ हजारांहून मोठी यादी काढली. पुण्यातल्या संशोधकांनी त्यातली, विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १,००९ नियतकालिके तपासली, तर ८८ टक्के निकृष्ट निघाली. मे २०१८ मध्ये एका फटक्यात ४,३०५ नियतकालिके यादीतून गेली. २०१९ साली 'केअर' यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही गुंडाळली. पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमावलीने काढून टाकली होती. पण अट नियमातून गेली तरी मुलाखतीच्या टेबलावरून कुठे गेली? सहायक प्राध्यापकाच्या निवड यादीसाठी निबंधाला दोन याप्रमाणे दहा गुण आहेतच. या पंधरा वर्षांत ज्यांनी घाम गाळून नियम पाळले, त्यांचा निबंध एका सकाळी 'यादीबाहेरचा' झाला. यादी करणाऱ्यांपैकी कोणाची नोकरी गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हा भार सगळ्यांवर सारखाच पडतो, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. 'नेचर'ने २०२० साली खुल्या प्रकाशनासाठी निबंधामागे ९,५०० युरो शुल्क जाहीर केले. ते आपल्या गावीही नाही. आपल्या मुलाला दीड-दोन हजारच जड जातात, कारण तो सीएचबीवर तास घेतो आणि त्याचे मानधन सहा-सहा महिने निघत नाही. इंग्रजी दुरुस्त करून देणारा बाप घरात नाही. कोणत्या जर्नलचा संपादक कोणाचा गुरुबंधू, हे त्याला माहीत नाही. मग तो पत्रकावरच्या नंबरला फोन करतो. चांगल्या घरचा मुलगा चांगल्या जर्नलमध्ये आणि आपला मुलगा भुरट्या जर्नलमध्ये. आणि वर 'राखीव वाल्यांचे संशोधन निकृष्ट असते' हे ऐकायचे आपणच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके. वाचायला मिळणार हे चांगलेच आहे, आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षी बार्टीच्या ८६१ संशोधकांच्या फेलोशिपसाठी आपली पोरे आझाद मैदानावर बसली होती, हेही आम्ही विसरणार नाही.

इथे आपल्यातलेच काही जाणते कार्यकर्ते आम्हाला अडवतात. ते म्हणतात, गुणपद्धतीला शिव्या देऊ नका. गुण नव्हते तेव्हा निवड समिती आडनाव पाहून निवडत होती. निदान आकडा तरी जात पाहत नाही. हा आक्षेप हलका नाही, आणि आम्हीही बरेच दिवस तसेच म्हणत होतो. लेखी निकष हा दुबळ्याचा आधार असतो, हे खरेच आहे. पण २०१८ ची नियमावली नीट वाचा. त्यात लिहिले आहे की हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यासाठी. अंतिम निवड फक्त मुलाखतीवर. म्हणजे दारापर्यंत यायला आकडा, आणि आत घ्यायचे की नाही ते पुन्हा साहेबांच्या मर्जीवर. राखीव जागेवर 'योग्य उमेदवार आढळला नाही' हा शेरा ज्यांच्या वाट्याला आला, त्यांच्या फायलीत छापील निबंध कमी नव्हते. आकड्याने आपले संरक्षण केले नाही, उलट आपला वेळ खाल्ला.

आणि वेळ हीच आपली सगळ्यात मोठी तंगी आहे. आपल्या चळवळीच्या ज्ञानाचा पाया कोणी घातला, आठवा. बाबासाहेबांच्या चरित्राचे खंडच्या खंड लिहिणारे चांगदेव खैरमोडे सचिवालयात नोकरी करत होते; पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेब हयात असताना निघाला. शासनाच्या आंबेडकर वाङ्मयाचा पहिला खंड १९७९ साली संपादित करणारे वसंत मून महसूल खात्यातले. 'दास-शूद्रांची गुलामगिरी' लिहिणारे कॉम्रेड शरद पाटील धुळ्याचे पूर्णवेळ कार्यकर्ते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गावोगाव शोधून, त्यांच्यापुढे बसून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली उभे केले. त्या मुलाखती तेव्हा झाल्या नसत्या, तर त्यातल्या कितीतरी बाया एक अक्षरही मागे न ठेवता गेल्या असत्या. विद्यापीठात राहूनही असे काम करणारे होते. एलिनॉर झेलियट यांचा महार चळवळीवरचा प्रबंध १९६९ सालचा. त्याचे पुस्तक व्हायला २००४ साल उजाडले, पण तोवर त्याच्या झेरॉक्स हातोहात फिरत होत्या. वाचणारे होते, म्हणून ते जगले.

आज आपल्याकडे पीएच.डी. झालेल्यांची संख्या त्या काळाच्या कितीतरी पट आहे. हे आरक्षणाने आणि फेलोशिपने मिळवलेले यश आहे, त्याचा आम्हाला अभिमान आहे. मग १९५६ च्या दीक्षाभूमीवर आईच्या कडेवर नव्हे, स्वतःच्या पायांनी चालत गेलेली माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत, त्यांच्याकडे कोण जात आहे? २७ जुलै १९७८ चा नामांतराचा ठराव आणि त्यानंतर मराठवाड्यात पेटलेल्या वस्त्या ज्यांनी कळत्या वयात पाहिल्या, ते साठी-सत्तरीत आहेत. गायरानाच्या, वतनाच्या, १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांच्या गोष्टी कोण लिहिणार? निबंधाच्या साच्यात त्या बसत नाहीत. सहा पाने, चार उद्दिष्टे, दोन गृहीतके, 'माहितीचा दुय्यम स्रोत', निष्कर्ष. म्हातारी बाई उद्दिष्टांच्या क्रमाने बोलत नाही. ती आधी चहा ठेवते, मग नातवाची तक्रार सांगते, मग तिसऱ्या दिवशी जळालेल्या घराकडे येते.

आपल्या परिषदा भरवणाऱ्या प्राध्यापक मित्रांना आमचे एवढेच सांगणे आहे. १४ एप्रिलला शंभर निबंध जमवण्यापेक्षा दहा पोरांना प्रत्येकी एक गाव वाटून द्या. विशेषांक काढाच, आयएसएसएनही घ्या, पोटाचा प्रश्न आम्हालाही कळतो. पण त्यात दुय्यम स्रोतावरचा एकही निबंध घेणार नाही, असे पत्रकावर छापा. शुल्क घेता ते निदान त्या पोरांच्या एसटीच्या तिकिटाला द्या. काही जण रागावतील. 'असूड' अडला तेव्हा जोतीरावांनीही आपल्याच माणसांना चार शब्द सुनावले होते.

त्या मुलाला आम्ही पेपर लिहू नको असे सांगितलेले नाही. तसे सांगण्याचा आम्हाला अधिकारही नाही. त्याच्या घरी लहान बहीण शिकते आहे आणि जाहिरात कधीही निघेल. वर्षाला एक निबंध त्याने जाहिरातीसाठी लिहावा आणि तोही वहीतूनच लिहावा, एवढे आमच्यात ठरले आहे. इंग्रजी तपासायला आमच्यातल्या एक बाई तयार आहेत. शुल्काची वर्गणी अभ्यासवर्ग काढील. आठव्या गावातल्या ज्या आजोबांकडे नजराण्याच्या मूळ पावत्या आहेत, ते मागच्या उन्हाळ्यात पडले, आता अंथरुणावरच असतात. येत्या रविवारी तो आणि आमच्यातले दोघे रेकॉर्डर घेऊन जाणार आहोत. त्यांना सकाळी ऐकू बरे येते, असे सुनेने फोनवर सांगितले आहे, म्हणून पहिली एसटी धरायची आहे.